शर्टाचा चेक, बँकेचा चेक आणि बुद्धिबळाचा शह: शब्द एकच की चार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्रजीतून मराठीत अनुवादाचा सराव करताना ‘चेक’ हा शब्द सारखा आडवा येतो. शब्दकोशात त्याचे वीस-पंचवीस अर्थ दिलेत: थांबवणे, तपासणे, बुद्धिबळातला शह, कापडावरची चौकडी, बँकेचा चेक, अमेरिकेत हॉटेलचं बिल. हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ, की उच्चार जुळलेले वेगवेगळे शब्द? बँकेच्या चेकचं स्पेलिंगच तेवढं निराळं का? आणि ‘चेक्स अँड बॅलन्सेस’चं भाषांतर ‘तपासण्या आणि शिल्लक’ असं केलं, ते संपादकांनी का खोडलं?

शेवटच्या प्रश्नात खरी अडचण आहे. पंचवीस अर्थ पाठ करून अनुवाद जमत नाही. समोरच्या वाक्यात त्यातला कोणता अर्थ चालू आहे हे ओळखता आलं पाहिजे, आणि ते ओळखायला मुळाची माहिती उपयोगी पडते. म्हणून आधी मूळ, मग वापर.

उत्तर एका ओळीत द्यायचं तर हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ आहेत, आणि तो शब्द तुम्ही मराठीत रोज वापरता. ‘शह-काटशहाचं राजकारण’ म्हणतो त्यातला शह म्हणजेच इंग्रजीतला चेक. दोघांचं मूळ फारसीतला ‘शाह’, म्हणजे राजा.

आपला चतुरंग खेळ इराणात गेला तेव्हा तिथे त्याचा ‘चतरंग’ झाला, आणि पुढे अरबांनी त्याचा ‘शतरंज’ केला. राजाच्या सोंगटीला फारसीत शाह म्हणत. समोरच्याच्या राजावर मारा आला की ‘शाह!’ असं ओरडून सावध करायचं, म्हणजे ‘राजा सांभाळ’. अरबांनी हा शब्द जसाच्या तसा ठेवला. त्यांच्याकडून खेळ युरोपात पोचला तेव्हा शेवटचा ‘ह’ युरोपियन कानांना ‘क’सारखा लागला आणि लॅटिनमध्ये ‘स्काकस’ असं रूप तयार झालं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘एशेक’ झालं. इंग्रजीत येताना सुरुवातीचा ‘ए’ गळाला आणि 1300च्या आसपास ‘चेक’ उरला. शब्दाच्या आरंभीचा स्वर असा गळणं आपल्याला नवं नाही. ‘अरण्य’चं ‘रान’ झालं ते असंच.

त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून इंग्रजीतला ‘चेस’ आला. म्हणजे व्युत्पत्तीने पाहिलं तर चेस हे चेकचं अनेकवचन आहे. इंग्रजी भाषकालाही हे सहसा माहीत नसतं.

आणखी मागे गेलं तर गोष्ट पुन्हा आपल्या दारात येते. फारसी ‘शाह’चं प्राचीन रूप ‘ख्शायथिय’. ते इराणी सम्राट पहिल्या दारियसच्या बेहिस्तून इथल्या शिलालेखात, इसवी सनापूर्वी 520च्या सुमारास, राजा या अर्थाने वारंवार येतं. इराणी ‘ख्श’ आणि संस्कृत ‘क्ष’ ही जोडी ठरलेली आहे. राज्य करणे या अर्थाच्या ज्या धातूपासून ते रूप आलं, त्याच्याच संस्कृत भावंडापासून ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ आले. इराणी बाजूला ‘क्षत्र’च्या जोडीच्या शब्दाचा अर्थ राज्य असा होता. झिजत झिजत त्याचं ‘शहर’ झालं आणि अर्थ नगर एवढाच उरला. राज्याचा रक्षक तो क्षत्रप. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखांत नहपानाच्या नावाआधी ही पदवी कोरलेली आहे. तेव्हा चेक, शहर, क्षत्रिय आणि क्षत्रप एका कुळातले आहेत. ‘शहाणा’ मात्र या कुळातला नाही. तो ‘सज्ञान’पासून आला. दिसायला सारखा म्हणून नातेवाईक, असं व्युत्पत्तीत धरायचं नाही.

‘चेकमेट’बद्दलही इथेच सांगतो. ‘शाह मात’ म्हणजे ‘राजा मेला’ असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं, कारण अरबीत ‘माता’ म्हणजे ‘तो मेला’. पण फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल झालेला, काही सुचेनासा झालेला, आणि हा अर्थ जास्त पटतो. बुद्धिबळात राजा कधी मारला जात नाही, तो कोंडला जातो. मराठीनेही हाच अर्थ धरलाय. ‘संकटावर मात केली’ म्हणताना आपण संकटाला मारत नाही, निष्प्रभ करतो. चेकमेटमधला ‘मेट’ आणि आपली ‘मात’ एकच. मित्र या अर्थाचा इंग्रजी ‘मेट’ वेगळा आहे. तो जर्मन बाजूने आला आणि त्याचा मूळ अर्थ बरोबर जेवणारा असा आहे.

आता अर्थ कसे फुटले ते पाहू. इथे दोन वाटा आहेत. एक शह देण्याच्या क्रियेतून निघाली आणि दुसरी ज्या पटावर शह दिला जातो त्या पटातून.

पहिली वाट. राजाला शह बसला की खेळणाऱ्याचे बाकीचे सगळे बेत जागच्या जागी थांबतात. हत्ती हलवायचा होता, प्यादं पुढे सरकवायचं होतं, ते राहिलं. आधी राजा वाचवायचा. म्हणून चेक म्हणजे अचानक बसलेला अटकाव, आणि मग कोणताही अटकाव. चौदाव्या शतकातच हा अर्थ पटाबाहेर पडलेला दिसतो. फ्रेंचांनी याच शब्दाला पार खाली नेलं. त्यांच्याकडे ‘एशेक’ म्हणजे अपयश. मराठीने शहाची चुरस तेवढी ठेवली. तीन भाषांनी एकाच सोंगटीचे तीन स्वभाव घेतले.

थांबवणे आणि तपासणे यांचा संबंध लोकांना चटकन लागत नाही. त्यासाठी चेक नाका डोळ्यांसमोर आणा. मुंबईत मुलुंड आणि दहिसरला चेक नाके होते, अजून बसथांब्यांना आणि पत्त्यांना ती नावं आहेत. ट्रक येतो, आडवा दांडा खाली येतो, ट्रक थांबतो. मग कागदपत्रं बघायची, माल बघायचा, जकात घ्यायची, दांडा वर. थांबवलं कशासाठी, तर तपासायला. तपासलं कशासाठी, तर जे जाऊ नये ते थांबवायला. शब्दाचा अर्थ नेमका याच दांड्याखालून पलीकडे गेला. हिशेबातल्या चुकीला किंवा लबाडीला अटकाव करण्याची सोय म्हणजे चेक, आणि ती सोय बहुतेक वेळा एकच असायची: दुसरी नोंद ठेवायची आणि दोन्ही जुळवून पाहायच्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस पडताळणे हा अर्थ इंग्रजीत पक्का झालेला दिसतो. ‘कंट्रोल’ हा शब्दही असाच घडला. मूळ फ्रेंचमध्ये तो ‘उलट बाजूची वही’, म्हणजे ताळा घेण्यासाठी ठेवलेली दुसरी नोंदवही.

मराठीत याला नेमका शब्द आहे तो ‘ताळा’. भागाकार झाला की गुणून बाकी मिळवून पाहायची, ताळा जुळला तर उत्तर बरोबर. ‘चेक युअर आन्सर’चं ‘तुमचे उत्तर तपासा’ असं भाषांतर पाठ्यपुस्तकात खपून जातं, पण ‘ताळा करून पाहा’ हे जास्त नेमकं आणि जास्त मराठी आहे.

या वाटेवरच पुढे जुळवून पाहायची वस्तू, म्हणजे बिल्ला किंवा टोकन, यालाही चेक म्हणू लागले. टोपी किंवा कोट जमा करा, बिल्ला घ्या, जाताना बिल्ला दाखवा. रेल्वेत सामान असंच ‘चेक’ करत, आणि आज विमानाचं ‘चेक-इन’ सामान म्हणतात ते तिथूनच आलंय. त्यात तपासणी हा भाग नाही, सोपवून पावती घेणे हा आहे. अमेरिकेत हॉटेलचं बिल म्हणजे चेक, तोही याच घरातला: गल्ल्यावर जुळवून पाहायचा कागद. यादीतल्या नावासमोर करायची बरोबरची खूण म्हणजेही त्यांच्याकडे चेक. ब्रिटिश आणि आपण तिला टिक म्हणतो.

दुसरी वाट पटाची. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणत आणि लॅटिनमध्ये ‘स्काकारियम’. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा जमाखर्च ज्या मेजावर होई त्याला हेच नाव पडलं. हे मेज कसं होतं ते राजा दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने 1170च्या दशकात लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला बारकाईने माहीत आहे. मेज सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. वर ठेवलेलं काही घरंगळू नये म्हणून कडेला चार बोटं उंचीचा काठ. त्यावर ईस्टरच्या वेळी खरेदी केलेलं काळं कापड पसरायचं. कापडावर रेघा, दोन रेघांमध्ये फूटभर किंवा वीतभर अंतर. रेघांमधल्या घरांत चकत्या मांडून हिशेब करायचा. एक घर पेन्सांचं, एक शिलिंगांचं, एक पौंडांचं, पुढे विसा-विसांचं, शेकड्यांचं, हजारांचं.

असा खटाटोप कशासाठी? कारण नोंदी रोमन आकड्यांत होत्या. रोमन आकड्यांत कागदावर वजाबाकी करून बघा, त्यात 12 पेन्सांचा शिलिंग आणि 20 शिलिंगांचा पौंड, म्हणजे लगेच कळेल. मेजावर मात येणं वरच्या ओळीत, भरलेलं खालच्या ओळीत, आणि उरलं किती ते लॅटिन न येणाऱ्यालाही दिसतं. जिल्ह्याचा वसुली करणारा शेरीफ समोर बसलेला, त्याच्याकडून हिशेब घेणारा खजिनदार पलीकडे, बाकीचे पाहतायत. फिट्झनीलनेच म्हटलंय की दोघांत जणू लढाई चाललेली असते, आणि नाव पडायला पटाच्या दिसण्याइतकंच हेही कारण आहे. इंग्रजीत या मेजाचं ‘एक्सचेकर’ झालं, मेजावरून खात्याचं नाव झालं, आणि ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला अजून ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात.

पटाची चौकट कापडावर आली ती याच शब्दातून. ‘एक्सचेकर’चं पुढचं टोक गळून ‘चेकर’ आणि त्याचं आणखी आखूड ‘चेक’. म्हणजे शर्टाचा चेक राजावरून आला, पण थेट नाही, पटावरून फिरून. ज्यांना हे ओढूनताणून वाटेल त्यांनी पोर्तुगीजकडे पाहावं. तिथे बुद्धिबळाला ‘शद्रेश’ म्हणतात. तो शाहवरून आलेला नाही, अरबी शतरंजवरून, म्हणजे शेवटी चतुरंगवरून आला. तरी चौकडीच्या कापडालाही तोच शब्द आहे. मूळ वेगळं असूनही अर्थ त्याच दिशेने गेला, कारण पट पाहिलेल्या कुणालाही चौकडी पाहून तोच आठवतो.

बँकेचा चेक आला तो या दोन वाटा जिथे पुन्हा मिळाल्या तिथून. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चेक म्हणजे पैसे देण्याचा आदेश नव्हता. आदेशाचा कागद फाडून दिल्यावर मागे राहणारी स्थळप्रत, तिला चेक म्हणत. कुणी खोटा कागद आणला किंवा आकडा वाढवला तर स्थळप्रतीशी ताळा घेऊन पकडायचं, हा तिचा उपयोग. म्हणजे अर्थ पहिल्या वाटेवरचा. पुढे नाव स्थळप्रतीवरून फाडून दिलेल्या कागदाला चिकटलं. कागद सरकारी खजिन्याशी आणि पैशाशी जोडलेला, म्हणून लिहिताना ‘एक्सचेकर’ची छाया पडली आणि सी-के जाऊन क्यू-यू-ई आलं. फ्रेंचांनी मग हा शब्द इंग्रजीकडून परत घेतला. आज त्यांच्याकडे अपयशाचा ‘एशेक’ आणि बँकेचा ‘शेक’ असे एकाच शब्दाचे दोन अवतार शेजारी शेजारी नांदतात.

स्पेलिंगचा नियम त्यामुळे सोपा आहे. भारतात आणि ब्रिटनमध्ये फक्त बँकेच्या कागदाला क्यू-यू-ई, बाकी सगळ्याला सी-के, शर्टाच्या चौकडीलासुद्धा. आपल्या 1881च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात कलम 6मध्ये चेकची व्याख्या क्यू-यू-ईनेच आहे. अमेरिकेत सगळीकडे सी-के. अपवाद एकच: चौकडीदार या अर्थाच्या ‘चेकर्ड’ या विशेषणाला ब्रिटिश क्यू-यू वापरतात, अमेरिकन सी-के. मराठीत ‘धनादेश’ हा शब्द अर्जात आणि परिपत्रकात ठीक आहे, बोलताना कुणी धनादेश देत नाही. ‘चेक वटला’ हे तितकंच चोख मराठी आहे. वटणे हे क्रियापद आपलंच आहे.

इथवरचं थोडक्यात: शह देण्यातून थांबवणे, थांबवण्यातून तपासणे, तपासण्यातून बिल्ला आणि स्थळप्रत. पटातून हिशेबाचं मेज आणि चौकडी. स्थळप्रत आणि मेज मिळून बँकेचा चेक.

आता अनुवाद. बहुतेक चुका एकाच कारणाने होतात: आपण मराठीत बोलताना ‘चेक करणे’ हे तपासणे एवढ्याच अर्थाने वापरतो, म्हणून इंग्रजीतही तोच अर्थ आधी दिसतो. यावर एक साधी कसोटी आहे. ज्याला चेक केलं जातंय ते हलणारं, वाढणारं, उसळणारं आहे का? तसं असेल तर रोखणे. ते स्थिर आहे का, म्हणजे यादी, तिकीट, तेलाची पातळी, स्पेलिंग? तर तपासणे. ‘चेक द ब्लीडिंग’ म्हणजे रक्तस्राव थांबवा. ‘चेक द स्प्रेड ऑफ द डिसीज’ म्हणजे साथ आटोक्यात ठेवा. जखम वाहतेय आणि सूचनेत ‘रक्तस्राव तपासा’ छापलंय, तर ती फक्त भाषेची चूक राहत नाही. ‘ही चेक्ड हिमसेल्फ’ म्हणजे त्याने स्वतःला तपासलं असं नाही. तो बोलता बोलता थांबला, त्याने जीभ आवरली. ‘अनचेक्ड ग्रोथ’ म्हणजे न तपासलेली वाढ नाही, बेसुमार वाढ.

तांत्रिक मजकुरात हीच कसोटी लावा. ‘चेक डॅम’ पाणी तपासत नाही, ओढ्याचा वेग अडवतो, म्हणून तो बंधारा. ‘चेक व्हॉल्व्ह’चं ‘तपासणी झडप’ केलं तर माणूस त्यात काय तपासायचं ते शोधत बसेल. तो पाण्याला उलट फिरू देत नाही, म्हणून प्लंबर त्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतो. मराठी पुस्तिकेत तोच शब्द ठेवावा, किंवा ‘एकदिशा झडप’ करावं.

कसोटी कुठे अपुरी पडते तेही सांगायला हवं. ‘चेक द स्पीड’ दोन्ही होऊ शकतं. पोलिसांच्या यंत्राबद्दल असेल तर वेग मोजणे, उतारावरच्या चालकाला सूचना असेल तर वेग आवरणे. अशा वेळी पुढचं वाक्य वाचल्याशिवाय हात लावू नये. ‘चेक विथ हिम’मध्ये तपासणं अगदी पातळ झालंय, तिथे ‘त्याला विचारून घे’ पुरे. अमेरिकन लेखक आणि हॉटेलचा प्रसंग असेल तर ‘चेक प्लीज’ म्हणजे ‘बिल आणा’. तिथे बँकेचा चेक आणला तर प्रसंगच बदलतो. ‘चेकर्ड करिअर’ म्हणजे पटाच्या काळ्या-पांढऱ्या घरांसारखी चढ-उताराची कारकीर्द, आणि त्यात उतारांकडे थोडा जास्त रोख असतो.

‘चेक्स अँड बॅलन्सेस’ राज्यव्यवस्थेबद्दल येतं. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायपालिका यांनी एकमेकांना मोकाट सुटू द्यायचं नाही, ही कल्पना. सत्ता ही वाढणारी, हलणारी गोष्ट, म्हणजे कसोटीप्रमाणे इथे रोखणे. बॅलन्सही पासबुकातला नाही, तराजूचा. म्हणून ‘परस्पर अंकुश आणि समतोल’. संपादकांनी खोडलं ते बरोबर, पण शेजारी एक शब्द लिहायला हवा होता. अंकुशच का? कारण त्यात नुसतं थांबवणं नाही, चालत्या हत्तीला काबूत ठेवून चालू देणं आहे, आणि सत्तेच्या बाबतीत नेमकं तेच अभिप्रेत आहे. वृत्तपत्रीय लेखात ‘शह आणि समतोल’ करायचा मोह होईल, मूळ तेच आहे म्हणून. करू नका. मराठी शहात कुरघोडीचा वास आहे, आणि तो वास इंग्रजी शब्दातून केव्हाच गेलाय.

बाकी ‘चेक प्रजासत्ताक’ आणि ‘चेकोस्लोव्हाकिया’ यांचा यातल्या कशाशीही संबंध नाही. ते तिथल्या स्लाव्ह लोकांचं स्वतःचं नाव आहे आणि इंग्रजीत त्याचं स्पेलिंग सी-झेडने सुरू होतं.